ओंगारमधला तुतीचा झरा

सप्टेंबर लागला की इथे डब्लिनमध्ये कालव्याकाठच्या काटेरी जाळ्यांत ब्लॅकबेऱ्या पिकतात आणि कऱ्हाडजवळच्या गावातून माझ्या सासूबाईंचा फोन येतो. "पिकली का गं काळी फळं?" हा पहिला प्रश्न. मी कशी आहे, त्यांचा मुलगा वेळेवर जेवतो का, हे सगळं नंतर. यंदाही फोन आला. मी ऑफिसातून येऊन नुकतीच सोफ्यावर पडले होते, सिटीवेस्टहून ओंगारपर्यंतच्या ट्रॅफिकने डोकं उठलं होतं. म्हटलं, "पिकली आई, पण तोडायला कोण जातंय?"  मग म्हणाल्या, "ती असती तर गेली असती."

ती म्हणजे कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

खरं सांगायचं तर डब्लिनचा हा ऋतू मला फारसा आवडत नाही. उजेड रोज थोडा थोडा कमी होतो. धुतलेले कपडे वाळत नाहीत, नुसते दमट होऊन लोंबत राहतात. पोरं हॅलोविनला दोन महिने असताना फटाके उडवायला लागतात आणि सगळ्या इस्टेटमधली, म्हणजे आमच्या वसाहतीतली, कुत्री भुंकत सुटतात. ओल्या पानांचा, कुठल्याशा धुराड्यातल्या धुराचा, कचऱ्याच्या बिनमधल्या कुजक्या सफरचंदांचा असा एक मिळून वास येतो. पण तो वास नाकात गेला की मला २०१६चे ते तीन महिने आठवतात, आणि मग चिडचिड जरा आवरती घ्यावी लागते.

त्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक नुसत्या शेंगदाण्यांची आणि मेतकुटाची. विमानतळावरून घरी येताना गाडी इस्टेटमध्ये वळली आणि आईंनी काच खाली केली. "हे कुनाचं घर?" मी म्हटलं, माहीत नाही. "आनि हे?" माहीत नाही. "बरं, ह्ये तुमच्या भिंतीला भिंत लागून हाय ते?" तेही मला धड माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की ते लोक मंगळवारी बिन बाहेर ठेवतात.

"कप्पाळ माझं!" आई म्हणाल्या. "शेजारी कोन ऱ्हातंय ठावं न्हाई, आनि झोप कशी लागती गं तुमाला?"

ओंगारमधली घरं तुम्ही पाहिली नसतील तर सांगते. सगळी एकसारखी. दोन-दोन जोडलेली, विटांचं तोंड, पांढऱ्या खिडक्या, समोर एका गाडीपुरती जागा, बाजूने मागच्या अंगणात जायला लाकडी फाटक. मध्ये एक गवताचं मैदान. सुरुवातीला मी स्वतः दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली आहे. अशा ठिकाणी, जिला गावातल्या प्रत्येक उंबऱ्यामागची माणसं, त्यांच्या म्हशी आणि त्यांची भांडणं पाठ आहेत, अशी बाई आणून ठेवली तर तिचं काय होणार? दोन दिवस आई खिडकीशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मानसं कुठं ठेवलीत ह्यांनी?"

आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बाजूचं फाटक कुरकुरलं.

मी घरून काम करत होते. बघते तो काय, एक म्हातारी मागच्या दाराने सरळ आमच्या स्वयंपाकघरात! पायघोळ गडद निळा झगा, त्यावर लोकरीचं जाकीट, डोक्याला पांढरा रुमाल. ना बेल, ना हाक. दाराशी तिने भिंतीला हात लावला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि डावा हात वर, जिथे आमचा मायक्रोवेव्ह ठेवलाय त्याच्याही वर नेला. काहीतरी शोधल्यासारखा. मी जागच्या जागी थिजले. आईंना मात्र काहीच वावगं वाटलं नाही. चार वाजता शेजारीण आली, यात नवल ते काय? "या, बसा," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

पंधरा मिनिटांनी बेल वाजली. दारात एक चष्मेवाला गृहस्थ, हॉस्पिटलचं ओळखपत्र अजून गळ्यातच. आमच्या रांगेच्या शेवटच्या घरातला डॉक्टर, नाव सामी, ब्युमॉन्ट हॉस्पिटलला कामाला. बेल वाजवून तो दोन पावलं मागे सरून पावसात उभा होता. मी आत या म्हटलं तरी येईना. "सॉरी, माझी आई. हल्ली तिला थोडं विसरायला होतं. पुन्हा नाही होणार असं."

पुन्हा रोज झालं.

म्हातारीला सगळे उम्म सामी म्हणत, म्हणजे सामीची आई. हे कळल्यावर आई खूश झाल्या. त्यांच्या गावातही बायकांना स्वतःच्या नावाने कोण हाक मारतं? बाळ्याची आय, सुरेखाची आय. "मग सामीची आयच की!" उम्म सामी अरबीत बोलायच्या आणि आई मराठीत, दोघी एकमेकींना न थांबवता. साबण, दुकान, हलवा, दुनिया असे दोनचार शब्द मध्येच जुळले की दोघी टाळ्या द्यायच्या. माझी मात्र रोज चारच्या मीटिंगची वाट लागायची. "माझं घर म्हणजे काय एसटी स्टँड आहे का?" असं मी नवऱ्याजवळ बोलले, आणि आईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. "बेल तरी वाजवावी माणसाने!" आईंनी ऐकलं. नुसती माझ्याकडे एक नजर टाकली.

मग दोघी फिरायला लागल्या. नऊवारीवर माझं जाडजूड जाकीट आणि पायात बूट घातलेली एक, निळ्या झग्यातली दुसरी. पाऊस असो, नसो. इस्टेटच्या तोंडाशी वेग कमी करायला उंचवटा आहे, तिथून सुरुवात. एकेका घरापुढे थांबायचं, हातवारे करायचे, पुढे जायचं. पडद्याआडून लोक बघत असणार. रात्री जेवताना आई मला बातम्या द्यायच्या.

"त्या कोपऱ्यावर लोहार ऱ्हातोय."

"लोहार?" मी म्हटलं. "आई, तिथे एक जोडपं राहतं. ती दंतवैद्य आहे."

"तुला काय ठावं? तू बोललीयास का कंदी त्यांच्याशी? सामीच्या आयनं घन मारून दावला. लोहारच हाय त्यो. त्याचं नाव इसूप. त्याच्या पल्याड सुईन हाय, लंगडती. आनि मैदान हाय न्हवं, ते खळं हाय सगळ्यांचं. आदी कुनाची मळनी, त्यावरनं भांडनं बी व्हत्यात."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी हसून हसून बेजार. ओंगारमध्ये मळणी! मला वाटलं, दोघी म्हाताऱ्या मिळून वेळ घालवायला खेळ खेळतायत. पण आई खेळत नव्हत्या. त्यांचा ठाम विश्वास होता की आपल्याला शेवटी या इस्टेटमधली माणसं कळली. गावातून आलेल्या बाईने हे घर कुणाचं म्हणून विचारलं आणि कुणीतरी सरळ उत्तर दिलं, तर त्यात संशय घ्यायचा कशाला?

पुढच्या मंगळवारी बिन बाहेर काढताना सामी भेटला. मी हसत हसत लोहाराची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. बिनचं झाकण बंद करून त्यावर हात ठेवून उभा राहिला.

"यूसुफ," तो म्हणाला. "लोहार यूसुफ. ती तुमच्या सासूबाईंना आमचं गाव दाखवतेय."

गावाचं नाव ऐन तूत. तुतीचा झरा. डोंगराच्या उतारावर दगडी घरं, खाली ऑलिव्हची बाग, झऱ्यापाशी तुतीचं थोरलं झाड. उम्म सामी नऊ वर्षांच्या होत्या. १९४८च्या युद्धात, गहू कापणीला आला असताना, शेजारच्या गावात गोळीबार झाल्याची बातमी आली आणि माणसं लेकरंबाळं घेऊन निघाली. चारदोन दिवसांत परत यायचं म्हणून निघाली. दाराला कुलूप लावायचाही प्रश्न नव्हता, आतून लावायचा अडसर होता फक्त. युद्ध जिंकणाऱ्यांनी परत कुणालाच येऊ दिलं नाही. घरं पाडली, वर पाइनची झाडं लावली. उम्म सामी लेबननमध्ये निर्वासितांच्या छावणीत वाढल्या, तिथेच लग्न झालं, तिथेच सामी जन्मला. परदेशी पासपोर्ट असलेला एक आतेभाऊ कधीतरी तिकडे जाऊन आला आणि फोटो घेऊन आला. फोटोत पाइन होते, आणि जिथे जिथे कुंपणं होती तिथे निवडुंग होतं. निवडुंग तेवढं मेलं नव्हतं.

"आमच्याकडे ते गाव रोज जेवायला बसायचं," सामी म्हणाला. "मी शाळेत पहिला आलो तरी गाव, ताप आला तरी गाव. मी कंटाळलो होतो. इथे आलो, तेव्हा ठरवलं की माझ्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं नको." लीना त्याची मुलगी, तेव्हा अकरा-बारा वर्षांची, कानात कायम इयरफोन. आजी अरबीत काही म्हणाली की पक्क्या डब्लिनच्या सुरात "आय्म ग्रँड, तेता" म्हणून जिना चढून जायची. तेता म्हणजे आजी, आणि ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत मजेत. "गावातलं आईच्या वयाचं आता कुणी उरलं नाही. आणि तीही विसरायला लागलीय. तिला ते कळतं. म्हणून ती घाईत आहे."

 बिन कडेला ठेवून घरी आले आणि आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या खजील होतील. त्यांनी लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं. 

"म्हंजी इसूप न्हाई हितं."

"नाही, आई."

"आनि सुईन बी न्हाई."

"नाही."

"तितं बी न्हाई, हितं बी न्हाई." लसणाची साल फुंकून त्यांनी ताट रिकामं केलं. "मग त्यांनी जायाचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या बूट घालून तयार होत्या. पण आता त्यांचं चालणं बदललं. आधी त्या नुसत्या ऐकायच्या, आता खोदून विचारायला लागल्या. भट्टी कुठली, कुणाची सून कुठली, पाण्याला कोण आधी जायचं. शनिवार-रविवारी मला बरोबर घेऊन, सामीला फाटकाशी गाठून इंग्रजीतून प्रश्न विचारायला लावायच्या. तो बिचारा अवघडून उत्तरं द्यायचा, बरीचशी त्याला येतच नसत.

ऑक्टोबरात दोघी कालव्यावर जाऊन डबाभर ब्लॅकबेऱ्या तोडून आल्या, हात काट्यांनी ओरबाडलेले, जिभा जांभळ्या. उम्म सामींनी एक फळ उजेडात धरलं आणि "तूत, तूत" म्हणाल्या. तुती नव्हेच ती, पण कोण वाद घालणार? मग त्यांनी माझी चांगली चादर मैदानात पसरून ऑलिव्ह कसे झोडतात ते दाखवलं. आई म्हणाल्या, बोरं अशीच झोडत्यात. चादरीला गवताचे डाग पडले, ते अजून आहेत. दिवाळी आणि हॅलोविन त्या वर्षी एकाच आठवड्यात आले होते. आमच्या ओट्यावर एका बाजूला करंज्या, दुसऱ्या बाजूला उम्म सामींची खजूर भरलेली बिस्किटं, आणि खिडकीबाहेर भुताचे मुखवटे घातलेली पोरं. लाटणं माझं, वाद दोघींचा. पीठ किती मळायचं यावर दोन भाषांत एवढं कडाक्याचं भांडण मी आजवर ऐकलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी सामी धापा टाकत आला. त्याची आई घरात नाही. लीना शाळेतून आली तेव्हा दार सताड उघडं होतं. त्याने दोन्ही रस्ते पाहिले, बसस्टॉप पाहिला. अंधार पडत आला होता, पाऊस लागला होता.  कालवा फार लांब नाही.

आई शांतपणे म्हणाल्या, "घरात बादली हाय का बग म्हनावं."

लीना पळत जाऊन बघून आली. फरशी पुसायची बादली जागेवर नव्हती.

"मग पान्याला गेलीया."

मैदानाच्या टोकाला, दिव्याच्या खांबापाशी, रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायची लोखंडी जाळी आहे. पाऊस असला की तिच्याखालून पाणी खळखळत जातं, आणि पाऊस इथे कधी नसतो? ती जाळी म्हणजे झरा आणि तो खांब म्हणजे तुतीचं झाड, हे आम्हा सगळ्यांत फक्त आईंना माहीत होतं. उम्म सामी तिथे फूटपाथच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर बादली, रुमाल भिजून गालांना चिकटलेला. आम्हाला बघून म्हणाल्या, आणि सामीने ते मला नंतर सांगितलं, "माझा नंबर यायचाय अजून." आई त्यांच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने उठून बादली उचलली, पाण्याने भरल्यासारखं हातातलं ओझं सांभाळत चालू लागल्या. उम्म सामी मागोमाग निघाल्या. सामीने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला.

नोव्हेंबरच्या शेवटी आई परत गेल्या. जायच्या आदल्या दिवशी दोघींनी भर वाऱ्यात शेवटची फेरी मारली. या वेळी उम्म सामी गप्प, आणि आई एकेका घरापुढे थांबून बोलत होत्या. "म्हनून घेतलं माझ्याकडनं," घरी येऊन त्या म्हणाल्या. "पोरांकडनं पाढे म्हनून घेत्यात तसं. चुकलं की हातावर मारती ती."

त्यानंतर मी पुष्कळदा माझ्या माहेरच्या आडनावाचा विचार करते. शेवटी कर लागलेलं आडनाव. आमच्या पूर्वजांचं ते गाव कोकणात आहे, जागेवर आहे, दिवसातून दोनदा एसटी जाते म्हणे. मी गेले नाही. माझे बाबा गेले नाहीत. कुणी विचारलं तर आम्ही ऐटीत मूळ गाव सांगतो आणि विषय बदलतो. जायला कुणी अडवलं नाही म्हणून आम्ही गेलो नाही, असंच म्हणायला हवं. मला त्याची लाज वाटत नाही, पण पूर्वी गंमत वाटायची, ती आता वाटत नाही.

उम्म सामी पुढे दोन वर्षं येत राहिल्या. मी फाटकाची कडी काढून ठेवायची. चहा करायची. माझ्याशी त्या काहीच बोलत नसत, खिडकीखाली उभ्या राहायच्या, हात वर न्यायच्या, मग बसायच्या. पुढे चालणं थांबलं, मग बोलणं. गेल्या हिवाळ्यात गेल्या. डब्लिनच्याच मातीत त्यांना ठेवलं. अंत्यसंस्कारानंतर सामी मला म्हणाला, "शेवटी तिला माझं नाव आठवत नव्हतं. गावही नाही." एवढंच म्हणून तो वळला.

आणि आता पुन्हा सप्टेंबर. आईंचा फोन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, बेल वाजली. सामी, नेहमीसारखा दोन पावलं मागे. हातात ब्लॅकबेऱ्यांचा वाडगा. शेजारी लीना, आता बापाच्या खांद्याला लागलेली, कानात काही नाही.

"लीना मला गावाबद्दल विचारते," सामी म्हणाला. "मला चार गोष्टींपुढे काही सांगता येत नाही. मी कधी ऐकलंच नाही नीट." तो वाडग्याकडे बघत होता. "तुमच्या सासूबाईंना काही आठवत असेल का?"

मी व्हिडिओ कॉल लावला. आई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "उंचवट्यापाशी जावा आदी. हितं बसून काय दिसनार?"

आम्ही गेलो. लीनाने फोन समोर धरला, आई तिकडून वाट सांगत होत्या, मी इंग्रजीत सांगत होते. हा लोहार, इसूप. दोन बायका, दोघींचं पटत नव्हतं. ही सुईण, सामीच्या आईला हिनेच जगात आणलं, उलटी आली होती पोर. इथे भट्टी, सगळ्या गावाची भाकरी इथे. हे खळं. आई कुठेच अडखळल्या नाहीत. सामी मधूनच अरबी नावं पुटपुटत दुरुस्त करत होता आणि लीना ती त्याच्यामागून म्हणत होती. दंतवैद्य बाई गाडी धूत होत्या, त्यांनी हात केला, लीनाने त्यांना "हाय" केलं आणि पुन्हा हळूच म्हणाली, "यूसुफ." जाळीखाली पाणी वाहत होतं. तिथे ती वाकून बराच वेळ ऐकत राहिली.

"आता वळा," आई म्हणाल्या. "रांगेत चला. पुढं. अजून पुढं. हां, थांबा."

आम्ही थांबलो. मी फोनकडे पाहिलं, समोर पाहिलं. "आई, हे आपलं घर आहे. आपण निघालो तिथेच आलो."

"आपलं कुठलं? तिचं हाय. तिच्या बापाचं. पयल्याच दिवशी दावलं तिनं मला. खिडकीखाली चूल, डाव्या हाताला वर कोनाडा, कोनाड्यात दिवा. दिवा हाताला येतोय का बगायची ती."

मला तो मायक्रोवेव्हच्या वर जाणारा हात दिसला. रोज दिसलेला. डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडली हुतीस न्हवं, बेल वाजवीत न्हाई म्हनून," आई म्हणाल्या. "आपल्याच घरात शिरताना कोन बेल वाजवतं गं?"

मी हे सामीला इंग्रजीत सांगितलं.  तो दारापासून दोन पावलं मागे, त्याच्या नेहमीच्या जागी उभा होता. पाऊस भुरभुरायला लागला होता. त्याने बेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वाडगा लीनाच्या हातात दिला आणि बाजूच्या फाटकाची कडी काढली.